आत्याची डुलकी

आत्याचे डोळे मिटले, तसा चष्मेवाला वाक्याच्या मधेच थांबला.

“गेलं,” तो हळूच म्हणाला. “दहावं प्रकरण गेलं.”

“नीट बोला हो. बाहेर कोणी ऐकलं तर आत्याच गेल्या म्हणून दारात गर्दी होईल,” बायको म्हणाली. ती कॉम्प्युटरवर त्याच कादंबरीची पानं लावत होती. छापखाना बंद व्हायच्या आत फाइल पोचवायची होती. एकदा मशीन सुरू झालं की मग कोणाच्या हातात काही नव्हतं.

चष्मेवाल्याची ही तिसरी कादंबरी. दिवसभर दुकानात लोकांचे नंबर काढायचे आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवरच लिहायला बसायचं. प्रकाशकांनी गोड शब्दांत नकार दिला, तेव्हा नवरा-बायकोने पुस्तकं स्वतःच काढायचं ठरवलं. मुखपृष्ठ बायकोचं, प्रुफं दोघांची, आणि संपादक आत्या.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. छापील अक्षर तिला आता दिसत नसे, म्हणून तो प्रत्येक प्रकरण तिला वाचून दाखवी. आपण संपादक आहोत हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती मुद्दाम डोळे ताणून बसली असती. नियम साधा होता. आत्याचा डोळा लागला, की वाचन बंद, आणि ते प्रकरण बाद. मग तिच्या अंगावर हलकेच शाल घालायची आणि मुकाट्याने उठायचं. अशी कापाकापी करून दोन पुस्तकं निघाली होती. वाचणारे म्हणत, झरझर वाचून होतं हो. त्यापुढे काही म्हणत नसत.

“हे प्रकरण मी काढणार नाही,” बायको म्हणाली.

“अगं, गोष्ट कोणाची? तिचीच ना? बाबांची आणि तिची. जिची गोष्ट तीच घोरायला लागली, तर परक्या वाचकाने काय करायचं?”

“घोरत नाहीयेत त्या.”

“बरं, पेंगायला लागली.”

गोष्ट खरोखरच घरातली होती. एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर घरच्यांशी बोलायला बंदी होती. म्हणून भाऊ रोज संध्याकाळी फोन लावून भलताच नंबर मागायचा. बहीण गंभीर आवाजात सांगायची, “असा नंबर नाही.” तो म्हणायचा, “बरं, उद्या बघतो,” आणि ठेवून द्यायचा. बहिणीचा आवाज ऐकला, की तो सुखाने जेवायचा. चष्मेवाल्याने हे लिहिताना दोनदा चष्मा पुसला होता. आणि आता तो म्हणत होता, “काढ. नियम म्हणजे नियम.”

“नियम तुमचा. पानं मी लावते.” बायकोने कीबोर्डवरचे हात उचलले आणि आजवर या घरात कोणी केलं नव्हतं ते केलं. सरळ विचारलं. “आत्या! अहो आत्या! झोप लागली का?”

आत्याने डोळे उघडले.

“झोप? भरदुपारी? मी काय मांजर आहे, सूनबाई?”

“मग डोळे मिटलेत ते?”

“ऐकत होते.” तिने पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. “लाइनवर खरखर असली की आम्ही डोळे मिटायचो. आवाज जवळ येतो. आत्ता दादा अगदी इथे, कानाशी आला होता. ‘बरं, उद्या बघतो’ म्हणणार, तेवढ्यात हा थांबला. लाइन तुटली.”

देवासमोर माणूस डोळे मिटून उभा राहतो, तेव्हा त्याला कोणी झोपलाय म्हणत नाही. हे चष्मेवाल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरातल्या माणसाच्या बाबतीत असलं काही सुचायला वेळ लागतो. त्याने हातातली शाल परत घडी करून ठेवली.

“मग बोलायचं नाही का, आत्या? पुढे वाच म्हणायचं!”

“कसं म्हणणार रे? तू नेहमी अशाच ठिकाणी थांबतोस. मला वाटायचं, लिहिणाऱ्याचाच गळा दाटला. पुरुषमाणूस, त्यातून पोटातलं काही लिहिलेलं. आपण बघितलं तर ओशाळेल बिचारा. म्हणून मी डोळे उघडायचीच नाही. तू शाल घालून गेलास, की मग उघडायची.”

बायको हसू दाबत होती. मग तिला दाबवेना, आणि हसता हसता तिचेच डोळे भरून आले. तिने छापखान्यात फोन लावून सांगितलं, की फाइल आज येत नाही, वाट बघू नका.

“आता थांबलाच आहेस, तर एक विचारू?” आत्या म्हणाली. “त्या पहिल्या पुस्तकात बोटीवरचा स्वयंपाकी होता बघ, बायकोला पत्र लिहायला दुसऱ्याला बसवायचा. त्याचं पुढे काय झालं? आणि दुसऱ्यातली ती शिंपीण, मेलेल्या नवऱ्याचा कोट उसवून स्वतःच्या मापाचा करत होती. झाला का रे तिचा कोट? अजून डोळे मिटले की दोघं समोर येऊन बसतात. वाचणाऱ्या सगळ्यांना कळलं असेल. मीच मेली तेवढी राहिले.”

चष्मेवाला तिच्या पायाशी खाली बसला.

“आत्या,” तो म्हणाला, “ती दोघं आहेत, हे जगात फक्त तुलाच माहीत आहे.”