वाईट बातमीचा नियम

शाओ यूछेन ज्या प्रांताकडून टेनिस खेळायचा, तिथल्या संघाचा एक पवित्र नियम होता: स्पर्धा संपेपर्यंत घरची वाईट बातमी खेळाडूच्या कानावर घालायची नाही. नियम केला होता चार वर्षांतून एकदा होणाऱ्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी. टेनिसमध्ये दर सोमवारी नवी स्पर्धा लागते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मार्चमध्ये त्याच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. पुढे शाओनं कधीही फोन केला, की आई म्हणायची, "मासे पकडायला गेलेत."

"आजही? नदीत काही शिल्लक ठेवलंय की नाही त्यांनी?" तो हसायचा. "सुट्टी मिळाली की येतोच म्हणावं."

ऑक्टोबरात छंग्दू शहरातल्या स्पर्धेत तो पुन्हा पहिल्याच फेरीत हरला. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक मा सरांनी त्याला खोलीवर बोलावलं आणि गरम पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"बस, शाओ. तुझे बाबा गेले."

"कधी?"

"एप्रिलमध्ये. सगळं नीट पार पडलं. तुझ्या नावानं आम्ही मोठं पुष्पचक्र पाठवलं होतं."

शाओनं पेला न पिताच खाली ठेवला. मग एकदम त्यानं मान वर केली.

"पण सर, सोमवारी तर चूहाईची स्पर्धा आहे. मग आज कसं सांगितलंत?"

मा सरांनी त्याच्या भरलेल्याच पेल्यात आणखी थोडं पाणी ओतलं.

"काल संघातून तुझं नाव कमी केलं."