नववी ओळ

सेटिंगच्या फाईलमधली ओळ फक्त वाचायची असते, चालवायची नसते, हे दबीरसरांना किती वेळा सांगितलं होतं! रोज आमचं सॉफ्टवेअर जोडून तयार करणारी त्यांची बिल्ड स्क्रिप्ट त्या फाईलमधलं काहीही कमांड समजून मुकाट चालवायची. सर वारल्यावर वर्षभराने मीच ती सुधारली.

लगेच ती नवव्या ओळीवर अडली. बिल्ड करणाऱ्याचं नाव हवं तिथे सरांनी कमांडच लिहिली होती: या मशीनवर आत्ता कोण बसलंय, ते विचार.

“मग रोज उत्तर काय यायचं?” शेजारच्या सायुरीने बिल्डच्या रोजच्या नोंदींचे जुने लॉग उघडले. सर गेल्यानंतरही वर्षभर एकच नाव होतं: दबीर. त्यांचं खातं तर ते गेले त्याच आठवड्यात आम्ही बंद केलं होतं.

“एकदा हाताने चालवून बघ ना,” ती हळूच म्हणाली.

सरांच्या मशीनसमोर, त्यांच्याच खुर्चीत बसून मी कमांड टाकली.

स्क्रीनवर दोन नावं आली. माझं दुसरं होतं.