वाटून घेतलेले गाणे

रविवारी दुपारी चार वाजता लेथवर काम करणाऱ्या टर्नरची पत्नी पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरच्या कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली, त्या वेळी बाइंडर ग्रामोफोनच्या तबकड्या सुतळीने बांधीत होता. विलायतेतील एका चार वादकांच्या बँडच्या एकंदर अकरा तबकड्या होत्या. टर्नरला देवाघरी जाऊन एकवीस दिवस लोटले होते, आणि मित्रावाचून त्या दोघांचे नेहमीचे गाणे ऐकण्याची बाइंडरची छाती होत नव्हती.

"या वहिनी, बसा," असे म्हणून त्याने स्टुलावरील कागदांची चवड उचलली. ते टर्नरचे स्टूल होते. वहिनी बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दोन लाकडी पट्ट्या काढून पुढे धरल्या.

"ह्या तुमच्या. घरी राहिल्या होत्या."

"राहू द्यायच्या होत्या, वहिनी."

"नको बाई. हे रोज संध्याकाळी ह्यांनी बडवायचे. पिठाच्या डब्याला पार पोचे पाडून ठेवलेत. मी म्हणायची, अहो, दिवसभर लेथ कानाशी कोकलतं ते पुरत नाही का? तर म्हणायचे, रविवारी भावोजींसमोर चुकलो तर नाक कापलं जाईल."

बाइंडरला हसू आले, तथापि ते अर्ध्या वाटेवरच विरले. वहिनी मात्र त्याच्याकडे एकटक पाहत होत्या.

"भावोजी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना."

"डॉक्टर म्हणाले, हृदय काही एका दिवसात बंद पडत नाही. आधी कुठंतरी दुखत असणार. मी म्हटलं, छे, घरात कधी हूं की चूं नाही. पण माणूस बायकोपाशी नाही बोलला तरी दोस्तापाशी बोलतो. तुम्हाला काही बोलले होते का?"

"तुमच्या गळ्याची शपथ, वहिनी. सव्वीस वर्षं दर रविवारी इथंच गुडघ्याला गुडघा लावून बसलो. अवाक्षर नाही. कळलं असतं तर मी त्याला बखोटीला धरून दवाखान्यात नेलं असतं."

वहिनींनी मान हलविली. त्यांचे समाधान झाले नव्हते, परंतु पुढे विचारण्यासारखेही काही उरले नव्हते. त्या म्हणाल्या, "मग ते गाणं तरी ऐकवा. घरी नुसती यांची ठोकाठोक ऐकली. खरं गाणं कधी माझ्या कानावर आलंच नाही."

बाइंडरने सुतळीची गाठ सोडली. तबकडी फडक्याने पुसता पुसता तो सांगू लागला, "शब्द आम्हा दोघांनाही कळायचे नाहीत. म्हणून वाद्यं वाटून घेतली. ड्रम त्याचे, बेस गिटार माझं. ज्यानं त्यानं आपलंच ऐकायचं, आपलंच वाजवायचं. दुसऱ्याकडे कान गेला की ताल सुटतो. नियमच होता तसा."

"भांडण नको म्हणून वाटणी केलेली भावंडंच जणू," वहिनी म्हणाल्या.

त्याने ग्रामोफोनची सुई तबकडीवर ठेवली. पुस्तके शिवण्याच्या चौकटीवर चार दोर ताणलेले होते. तेच त्याचे गिटार. सवयीने त्याची बोटे त्या दोरांवर गेली आणि डोळे मिटले. इतक्यात शेजारून थाप ऐकू आली. वहिनी टर्नरच्या स्टुलावर बसल्या होत्या. खळीचा रिकामा डबा त्यांनी गुडघ्यांत धरला होता आणि पट्ट्या चालत होत्या. एकही थाप चुकत नव्हती. स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून ऐकता ऐकता त्यांना सगळे पाठ झाले होते. बाइंडरचा कान त्या थापांकडे ओढला जाऊ लागला. परंतु नियम तो नियम. त्याने कान आपल्या खर्जाच्या सुरावर ठेवला.

गाण्याच्या मध्यावर सर्व वाद्ये एकदम धाव घेतात. त्या ठिकाणी शेजारचा डबा बंद पडला.

बाइंडरने डोळे उघडले. वहिनींनी दोन्ही पट्ट्या मांडीवर ठेविल्या होत्या. त्यांचा उजवा हात डाव्या खांद्यावर होता आणि त्या तो खांदा सावकाश चोळीत होत्या. ओठांतल्या ओठांत आकडे मोजणे चालू होते. एकाएकी त्या थबकल्या आणि यंत्राकडे पाहू लागल्या.

"अहो, हा थांबत का नाही?"

"कोण, वहिनी?"

"हा वाजवणारा. इथं थांबायचं असतं ना? हे थांबायचे. पट्ट्या खाली ठेवायचे, खांदा असा चोळायचे, आठ मोजायचे, की मग पुढं चालू. पूर्वी नव्हते थांबत. गेलं वर्षभर थांबायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, अगं, इतकी वर्षं चुकीचं वाजवत होतो. गाणंच तसं आहे, वाजवणारा इथं दम घेतो. मला काय कळतंय त्यातलं? मी आपलं खरं मानलं."

बाइंडरची बोटे दोरांवर तशीच राहिली. मागच्या वर्षातील एक तरी रविवार आठवावा, म्हणून त्याने पराकाष्ठेचा प्रयत्न केला. टर्नरचा हात, टर्नरचा खांदा, डब्याचा थांबलेला आवाज, यांतले काहीच त्याला आठवेना. आठवला तो केवळ स्वतःच्या दोराचा सूर.

"तुमच्यासमोरही थांबतच असतील," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हात अजून खांद्यावरून काढला नव्हता. "भावोजी, बोला की. थांबतो ना हा वाजवणारा इथं?"

तबकडीवर ड्रम एकही थाप न गाळता वाजत होते. बाइंडर ते सव्वीस वर्षांत प्रथमच ऐकत होता.