मागून आणायचं अंगडं

"आत या," लक्ष्मीबाई म्हणाली आणि आक्काताईंची पंचाईत झाली.

त्या आत जायला आल्याच नव्हत्या. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, पदर पसरायचा, लेकराच्या अंगावरचं एक जुनं अंगडं मागून घ्यायचं आणि सरळ घरी जायचं, अशी रीत होती. आत बसून, चहा पिऊन आणलेल्या अंगड्याला गुण येतो की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण तसं कुणी आणलंच नव्हतं.

साल पासष्टचं. आष्ट्याच्या पेठेत आक्काताईंच्या घरचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला आधी बसायला गादी आणि पानाचा डबा मिळे, कापड नंतर. मांजरपाट, मलमल, छिटं, धोतरजोड्या. तीन भिंती आढ्यापर्यंत भरलेल्या. नव्या गठ्ठ्याची सुतळी कापली की खळीचा वास माजघरापर्यंत यायचा आणि तेवढ्या वासावर आक्काताईंना भूक लागायची. गावातली निम्मी बाळं त्यांच्याच कापडात गुंडाळली गेली होती. आणि त्या घराला आता मागून आणलेलं अंगडं हवं होतं.

सून गुणमाला तिसऱ्यांदा गरोदर होती, आणि पाळणा दोनदा हलून थांबला होता. दोन्ही वेळी मुलगा जिनदत्त आधीच सांगलीला जाऊन आला होता. जिनदत्त कॉलेज शिकलेला. कुठल्याशा पुस्तकात वाचून त्यानं बाळाच्या आधीच बाळाचा संसार थाटला: रबरी कापड, पावडरचा डबा, काचेची दुधाची बाटली, शिवाय घरच्या मलमलीची ढीगभर झबली. तेव्हा सांगलीहून एस.टी.नं आलेली वस्तू गल्लीला विलायतेहून आल्यासारखी वाटायची. बाया बघायला आल्या, बघून गेल्या. पुढं बाळंही गेली. पावडर तेवढी उरली.

या खेपेला आक्काताईंनी खरेदी आपल्या हातात घेतली; म्हणजे बंद केली. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग घरात होतंच. गोधडी जुन्या लुगड्याची. बाळाच्या नावानं नवं सूतसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. फक्त एक अंगडं आणायचं, तेही ज्या घरात एकही मूल दगावलं नाही अशा घरचं.

असं घर सापडेना. आक्काताईंनी मनातल्या मनात सगळी पेठ पालथी घातली. ज्या घरात शिराव्यात, तिथं कुठं ना कुठं एक पोर कमी निघायचं. शेवटी त्यांना ओढ्यापलीकडची लक्ष्मी आठवली. तिची पोरं धडधाकट, रोज दप्तरं घेऊन दुकानावरून शाळेला जाणारी. पूर्वी लक्ष्मी दुकानाच्या मागच्या पायरीशी जुनेर न्यायला यायची. छप्पन सालानंतर त्या वस्तीनं धर्म बदलला, आणि ती एकदा येऊन सांगून गेली, "आक्का, आता जुनं नगं. लागलं तर इकत घीन." आक्काताईंच्या मनाला ते झोंबलं होतं. त्यानंतर बोलणं नाही. आज हाक 'लक्ष्मे' अशी मारायची की 'लक्ष्मीबाई', याची त्यांनी ओढ्यापर्यंत तालीम केली होती. दारात पोचल्यावर दोन्ही विसरल्या.

"हितंच दे की गं," त्या म्हणाल्या. "भाईर हुबं ऱ्हाऊनच मागायचं असतंय."

"भाईर हुबं ऱ्हाऊन मागायचं आमी सोडलंय, आक्का. मग तुमाला कसं हुबं करू?"

आक्काताई आत गेल्या. रिकाम्या हातानं परतण्यापेक्षा ते बरं. घोंगडीवर बसल्या. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली चूल. चुलीवर आधण चढलं.

"मी दिस मावळल्यावर काय घेत न्हाई बाई," त्या घाईनं म्हणाल्या. जैन धर्माचा हा नियम त्यांना उभ्या जन्मात इतक्या उपयोगाचा वाटला नव्हता.

लक्ष्मीबाईनं दाराबाहेर बोट केलं. "आजून कासराभर वर हाय की. आन् आलं घातलं न्हाई. तुमाला चालत न्हाई, म्हाईत हाय मला."

चहा झाला. मग लक्ष्मीबाईनं ट्रंकेतून एक धुतलेलं, घडी घातलेलं अंगडं काढलं. आक्काताईंनी पदर पुढं केला. इतका वेळ आवरून धरलेला जीव एकदम मोकळा झाला आणि त्या बोलून गेल्या, "लय नशिबाची गं तू. तुजं एकबी गेलं न्हाई. म्हून तर तुज्याकडं आले."

लक्ष्मीबाईचा हात पदरावर तसाच राहिला. अंगडं हातातच.

"आवं, खोटं कशाला सांगू? माजं थोरलं गेलं. पांढरं कापड मागाया तुमच्याच पायरीवर आलते. तुमी दिलंसा. कुणासाठी, ते इचारलं न्हाईसा."

आक्काताईंना कापड आठवलं. मांजरपाट होता, काठाला गंजाचा डाग पडलेला, विकायला न काढण्याजोगा. त्या दिवशी लक्ष्मीचा चेहरा कसा होता, ते काही केल्या आठवेना.

"आता ह्याचा गुण यायचा न्हाई," लक्ष्मीबाई म्हणाली. "दुसरं घर बघा. ठिऊ ट्रंकंत माघारी?"

आक्काताईंनी तिच्या हातातलं अंगडं काढून घेतलं आणि पदरात घातलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. "नाव काय ठेवलं हुतंस त्याचं?"