मलप्पांचं स्कॅन लातूरला जात आहे

सोमवारी मलप्पा वारले. पण ते अजून झालेलंच नाही असं धरून चालू, कारण दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या मेंदूचं स्कॅन अजूनही लातूरला 'जात आहे'.

लातूरच्या डॉक्टरांनी स्कॅन बघितल्याशिवाय पेशंटला हलवायचं नव्हतं. दवाखान्याचं सगळं इंटरनेट मुख्य ऑफिसच्या प्रॉक्सी सर्व्हरमधून जायचं आणि पाच मिनिटांत न पोचलेली फाइल तो सर्व्हर मधेच तोडायचा. स्कॅनला वीस मिनिटं लागत होती. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

"पेनड्राइव्हात भरून द्या की, मी यष्टीनं नेते," मलप्पांची बायको शांतम्मा म्हणाली.

"पेनड्राइव्हला बंदी हाय, काकू. व्हायरस येतो म्हणं," कॉम्प्युटरवाला रविकिरण म्हणाला. त्यानं ऑफिसला फोन लावला.

"फाइल लहान करून पाठवा," तिकडून साहेब म्हणाले.

"साहेब, डोकं तेवढंच हाय त्यांचं."

"मग मर्यादा वाढवायचा अर्ज टाका."

गुरुवारी मंजुरी आली. आता एक तास मिळणार होता. मलप्पांना माती देऊन झाली होती, तरी रविकिरणनं घरी जाऊन शांतम्माला हे सांगितलं.

"आजपासून का?" तिनं विचारलं.

"हाव."

"मग अजून एक अर्ज लिही बाबा. मी सही करते."

रविकिरणनं लिहून दिला: 'तरी सदर वाढीव वेळमर्यादा मागील सोमवारपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती.'