हयातीचा चौथा मजला

सरकारी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोस्टमनकाकांनी कठडा धरला आणि उजव्या गुडघ्याला समजावलं, "बाबा रे, अजून दोनच मजले. मग तू मोकळा."

लिफ्ट बिघडलेली नव्हती. बिघडली असती तर कुणीतरी दुरुस्त तरी केली असती. ती बंद ठेवली होती, लोकांच्या भल्यासाठी. दारावर फलक होता: 'जिने चढा, निरोगी राहा.' फलकावरचा तरुण हसत हसत एका वेळी दोन पायऱ्या चढत होता. त्याला अजून निवृत्तिवेतन लागू झालं नसावं.

काकांनी पस्तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, ती काही घरबसल्या नव्हे. गावातला एकही जिना त्यांनी सोडला नव्हता. गुडघे झिजले ते चढूनच. त्यांना चालण्याचे फायदे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

पण अडला हरी! आज शेवटचा दिवस होता. एकच्या आत समोर उभं राहून जिवंत असल्याचा दाखला घेतला नाही, तर पुढच्या महिन्यापासून निवृत्तिवेतन बंद. म्हणजे काकूंची इंजेक्शनं बंद. काकांना एवढीच एक भीती होती.

हयातीचा दाखला कुठे मिळतो म्हणून विचारल्यावर दारातल्या वॉचमनने न बोलता वर बोट दाखवलं होतं. ते काकांना तेव्हाच जरा खटकलं. मग तो म्हणाला, "चौथा मजला."

चौथा मजला आला तेव्हा एकला वीस मिनिटं कमी होती. छातीचा भाता झाला होता. आत ओळीने टेबलं, सगळी रिकामी. कोपऱ्यात एक कारकून वही उघडून बसला होता. त्याने अगत्याने पाणी दिलं, काकांचं नाव आणि वेळ लिहिली, सही घेतली.

"झालं?" काकांनी कसंबसं विचारलं.

"माझ्याकडचं झालं. दाखला तळमजल्यावर मिळेल. ही जिन्यांची मोहीम सुरू झाली आणि आमचा सगळा विभाग खाली हलवला. रोज रोज एवढं चढणार कोण, काका?"

काकांच्या तोंडाशी चार सणसणीत शिव्या आल्या होत्या. पण श्वास एकाच कामाला पुरण्यासारखा होता आणि अजून उतरायचं होतं. उतरणं चढण्याहून वाईट, हे झिजलेल्या गुडघ्यांनाच ठाऊक. ते एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरले.

दाखल्याचं टेबल मुख्य दाराला लागूनच होतं. साहेबांनी काकांना नखशिखांत न्याहाळलं, घाम आणि धाप दोन्ही पाहून हयातीची खात्री करून घेतली आणि शिक्का मारला. एकला दोन मिनिटं कमी होती. काकांचे डोळे भरून आले. सुटल्याचा आनंद होता तसा संतापही होता.

"साहेब, हे मला दारातच सांगितलं असतं तर?"

साहेब प्रसन्न हसले. "आजोबा, या महिन्यात चारशे बारा माणसं आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत चढली. सगळ्या कार्यालयांत पहिला नंबर आमचा. तुम्हाला दारातच सांगितलं, तर चढायचं कुणी? आम्ही?"