शांत बसलेला ससा

पाथरी रस्त्यावरच्या छोट्या प्राणीबागेत मी शाळेतली मुलं घेऊन गेलो होतो. पांढऱ्या सशाच्या पाठीवरून एकोणतीस हात फिरले. ससा जराही हलला नाही. समोरचं गाजर त्यानं हुंगलंही नाही. "बघा, किती शांत आहे," मी म्हणालो. "असं बसायला शिका." शेवटी ज्ञानेश्वरीची पाळी आली. आईवडील ऊसतोडीला गेल्यापासून ती आजीजवळ राहायची. तिनं हात मागं घेतला. "गुरुजी, त्यो शांत न्हाई, लय भ्यालाय. बाजारात खाटकानं उचललं तवा आमचं करडू बी असंच गप झालतं." मी सशाच्या छातीवर बोट ठेवलं. काळीज धाडधाड उडत होतं. "याला पिंजऱ्यात ठेवा," मी मालकाला म्हणालो. "कसं ठेवू, गुरुजी? दुसरी शाळा दारात उभीय." ज्ञानेश्वरी मुकाट्यानं रांगेत परतली. तिच्या फ्रॉकवर मीच लावलेला बिल्ला होता: वर्गातली सर्वात शांत मुलगी.